सर्व्हायव्हल शिबिरात शिकलेलं नाशिकच्या डोंगरांत किती टिकतं? पावसाळा ते मे वापरल्यानंतर

नाशिकच्या आसपास शनिवार-रविवारची सर्व्हायव्हल शिबिरं, म्हणजे जंगलात तग धरायला शिकवणारी, आता बरीच भरतात. शिकवणाऱ्यांच्या हातात कसब असतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते कसब ज्या जंगलात मुरलं, ते बऱ्याचदा इगतपुरी-हरसूलचं नसतं. थंड मुलखातलं, सूचिपर्णी झाडांचं असतं. तिथले धडे इथे तिन्ही ऋतूंत वापरले की चाळण आपोआप लागते.

दिशा शोधण्यापासून सुरुवात करू. काठी-सावलीची पद्धत पक्की. सपाट जागी हातभर काठी सरळ रोवायची, सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा, वीस मिनिटांनी नव्या टोकावर दुसरा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. पण सोबत ‘भर दुपारची सावली उत्तरेकडे’ असंही शिकवतात, ते नाशिकला बारा महिने लागू नाही. आपण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत. साधारण २० मे ते २३ जुलै मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून, बारापर्यंतचा कोन दुभागून दक्षिण शोधायची युक्ती तर उन्हाळ्यात सोडूनच द्यावी. सूर्य माथ्याजवळ असला की दिशा वाटेल ती निघते. शिवाय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि नाशिक ७३.८ च्या आसपास, म्हणजे घड्याळ सूर्याच्या सुमारे ३५ मिनिटं पुढे. युरोपात ही युक्ती बरी चालते. शिकवताना अक्षांश सांगत नाहीत, एवढीच तक्रार.

धनुष्याने, म्हणजे त्याच्या दोरीने लाकडी फिरकी फळीवर घासत फिरवून, आग पेटवणं शिकण्यासारखं आहे, पण जानेवारी ते मे. पांगाऱ्यासारखं हलकं, कडक वाळलेलं, नखाने खूण उमटेल असं लाकूड घ्यावं. फळी दीड सेंटिमीटर जाड, फिरकी अंगठ्याएवढी जाड आणि वीतभर लांब. आधी फळीत खड्डा पाडायचा, मग कडेला त्याच्या आठव्या हिश्शाएवढी खाच. भुकटी फिकी पडली तर दाब किंवा वेग कमी. काळपट आणि बारीक पडली की ठिणगी जवळ. कर्कश आवाज येऊ लागला तर लाकूड गुळगुळीत झालंय, चिमूटभर वाळू टाकायची. जुलैत इगतपुरीला हे सगळं करत बसणं म्हणजे हौस. तिथे दोन लायटर वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या (ओल्या असल्या तरी पेटतात) आणि उभं वाळलेलं लाकूड कोयत्याने चिरून काढलेला आतला कोरडा गाभा. आणि राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा ठरू शकतं, हे शिबिरात सांगायलाच हवं.

पालापाचोळ्याची झोपडी इथे नकोच. फुरसं आणि विंचू पाचोळ्यातच बसतात आणि पावसात ढीग कुजतो. १० बाय १२ फुटांची ताडपत्री बांधावी, खालची कड नैऋत्य वाऱ्याकडे. आधाराच्या दोरीला ताडपत्रीच्या जरा बाहेर सुतळीचा तुकडा बांधून लोंबता ठेवावा. दोरीवरून ओघळणारं पाणी तिथेच टपकतं, आत येत नाही.

पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. तीन मिनिटांचा नियम २००० मीटरच्या वरचा आहे, आपला साल्हेरही १५६७ मीटर. बाटलीतल्या वाळू-कोळशाच्या गाळणीने गढूळपणा जातो, जंतू जातातच असं नाही. उकळणं चुकत नाही. ‘पाण्याशिवाय माणूस तीन दिवस जगतो’ हा हिशेब मे महिन्यात चढ चढणाऱ्याचा नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र शिबिराचं थोडं बाजूलाच ठेवावं. अनोळखी वनस्पती ओठाला लावून, मग जिभेवर ठेवून, तासतासभर थांबायची चाचणी फसवी आहे. कळलावीचा कंद खाण्याच्या कंदासारखा दिसतो आणि त्यातल्या कोल्चिसिन या विषाची लक्षणं काही तासांनी सुरू होतात. तोवर चाचणी ‘पास’. त्यापेक्षा आठवडे बाजारात रानभाजी विकणाऱ्या मावशींना विचारावं. शेवळं ही रानभाजी काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंच घालून का शिजवतात, हे त्यांना पाठ असतं. तसं न केलं तर घसा खाजतो. पण त्याच गावात साप चावल्यावर जखम चिरायला सांगणारेही भेटतील, तिथे मान डोलवू नये. चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. पैंजण-अंगठ्या काढाव्यात, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करावा, १०८ ला फोन लावावा आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठावं.

टीव्हीवरच्या नावांचंही असंच. जंगलात तगून दाखवण्याचे कार्यक्रम करणारे बेअर ग्रिल्स चित्रीकरणाच्या काही रात्री हॉटेलात राहिल्याचं २००७ मध्ये बाहेर आलं. त्यामुळे त्यांनी दाखवलेली प्रत्येक गाठ खोटी ठरत नाही, आणि त्यांनी दाखवलीय म्हणून खरीही ठरत नाही. दोरीला वजन लावलं की कळतं.

फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे तंत्र तुम्ही कुठल्या जंगलात आणि कुठल्या महिन्यात वापरलंय? प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र चालू आहे का? जुलैतल्या बॅचला आग पेटली नाही, तर पुढे काय शिकवता? शेवटच्या प्रश्नावर चिडणाऱ्याकडे पैसे भरू नका.