हार्ड की हार्डली? एका 'ली'ने केलेला घोळ

शाळेत इंग्रजीच्या तासाला शिकवलं की विशेषणाला ली लावलं की क्रियाविशेषण तयार, क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली, मग हार्डचं हार्डली असणारच ना, आणि इथेच गाडी घसरते. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो राब राब राबतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे पठ्ठ्या कामाला जवळजवळ हातच लावत नाही! मी एकदा नोकरीच्या अर्जात 'आय हार्डली वर्क्ड फॉर टू इयर्स' असं छातीठोक लिहून पाठवलेलं, फोन आला नाही हे सांगायला नकोच.

हार्ड हे विशेषण पण आणि क्रियाविशेषण पण, त्याला ली लागतच नाही, आणि क्रियाविशेषण असताना ते येतं क्रियापदाच्या नंतर. हार्डलीचा अर्थ पूर्वी 'जोराने, कठोरपणे' असाही व्हायचा पण तो मागे पडला, आता 'जेमतेम, क्वचितच' एवढंच उरलंय. त्यात नकार आधीच मुरलेला असतो, म्हणून 'आय कॅन हार्डली हिअर' बरोबर, कान्ट नको. आपण 'फारसं ऐकू येत नाही' म्हणतो ना, तो 'नाही' तिकडेही घुसतो बहुतेक.

लेट-लेटलीचं पण तसंच, एक उशिरा, दुसरं हल्ली.