मंडळी सोडायची, तर कुठल्या दाराने?

मंडळी म्हणजे आपल्या चर्चचा सभासद-समूह. तिच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) किंवा पंचकमिटीशी (कारभार पाहणाऱ्या समितीशी) बिनसलं की आधी सभासदत्वाचा राजीनामा लिहिला जातो. तो आठवडाभर खिशात ठेवा. बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठेपणी विश्वास पक्का करण्याचा विधी) आणि लग्नाचे दाखले सही-शिक्क्यानिशी आधी काढून घ्या, वर्गणीच्या पावत्या जपा. भांडण चव्हाट्यावर आलं की रजिस्टर 'सापडत नाही'.

तंटा पैशाचा किंवा जमिनीचा असेल, तर राहून लढणं जास्त जड पडतं, पण पकड तिथेच असते. चर्चच्या ट्रस्टला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू असेल, तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. तिथे नोंदी आणि हिशेब तपासता येतात. नाव कमी करून घेतलंत, तर 'तुमचा संबंध काय?' हा पहिलाच प्रश्न येईल.

तंटा माणसाशी असेल, तर त्याच पंथाच्या दुसऱ्या मंडळीत बदली घेणं सर्वांत कमी खर्चाचं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. वर्गणी थकली म्हणून बदलीचं पत्र अडवलं जातं, तेव्हा ती आधी भरा. तरीही अडलं तर अर्जाची प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात द्या. नवे पाळक जुन्यांना फोन करणारच, म्हणून आपली बाजू आधी थोडक्यात सांगून ठेवा. एक मेख: सीएनआयमधून (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेलं चर्च) मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथात जाणं ही बदली नव्हे. सीएनआय ज्यातून झालं त्या १९७० च्या नागपूरच्या एकीकरणात बहुसंख्य मेथडिस्ट ऐन वेळी आले नाहीत, ते वेगळे राहिले.

कुठल्याही पंथात न मोडणाऱ्या स्वतंत्र फेलोशिपमध्ये स्वागत लगेच होतं, कागद कुणी मागत नाही. अडचण नंतर येते. बालपणीचा बाप्तिस्मा बहुतेक ठिकाणी मानत नाहीत, पुन्हा पाण्यात उतरावं लागतं. ख्रिस्ती विवाह कायद्याखालचा परवाना पास्टरकडे आहे का, हे विचारा. नसेल तर विशेष विवाह कायद्याने ३० दिवसांची नोटीस देऊन नोंदणी करण्याची वेळ येऊ शकते. आजोबांची कबर जुन्या मंडळीच्या दफनभूमीत असेल, तर शेजारची जागा मिळेल का, तेही आत्ताच लेखी विचारा. शिवाय वर बिशप नाही, ट्रस्टी बहुधा पास्टरच्या घरचेच. पुन्हा खटकलं तर दाद मागायला जागा उरत नाही.

कॅथलिकांचं वेगळं. पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) पत्त्यावरून ठरते. मिस्सा (मुख्य उपासना) कुठेही ऐका, पण लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशमधूनच लागतो, कारण लग्नाची नोंदही त्याच वहीत होते.

मुलांचा दृढीकरणाचा वर्ग अर्ध्यावर असेल, तर तो संपेपर्यंत बदलीचा अर्ज देऊ नका.