छऱ्याच्या बंदुकीचं ‘फुल रिपेअर किट’: सील घ्या, स्प्रिंग मोजून बसवा

नळी मोडून, म्हणजे सांध्यावर खाली वाकवून, लोड करायच्या ०.१७७ इंची स्प्रिंग एअर रायफलसाठी एक ‘फुल रिपेअर किट’ मिळतं. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नाही, नुसतं ‘हेवी ड्यूटी’ आणि ‘१००० एफपीएस’ (छऱ्याचा वेग, फूट प्रति सेकंद). आत मेन स्प्रिंग, पॉलियुरेथेनचं पिस्टन सील, नळीच्या बुडाशी बसणाऱ्या दोन ओ-रिंगा, स्प्रिंगला आतून सरळ धरणारं प्लास्टिकचं गाइड आणि दोन पिना. आमचं मत आधीच सांगतो: सील आणि ओ-रिंगांसाठी पैसे वसूल आहेत, स्प्रिंग जशीच्या तशी बसवायची नाही, आणि गाइड वापरण्याच्या लायकीचं नाही.

रायफल खोलायची पद्धत पाकिटात दिलेली नाही, ती द्यायला हवी होती. नळीत छरा नाही आणि रायफल ताणलेली नाही हे बघूनच दस्त्याचे स्क्रू काढा. आतली स्प्रिंग न ताणताही चाळीस-पन्नास मिलिमीटर दाबलेलीच असते. मागच्या पिना हातोडीने ठोकून काढल्या तर ट्रिगर ब्लॉक गोळीसारखा बाहेर येतो. सुताराचा लांब शिकंजा लावून ब्लॉक आत दाबा, पिनांवरचा भार उतरला की त्या बोटाने सरकतात. मग शिकंजा हळूहळू सैल करायचा. डोळ्यांवर गॉगल हवा आणि तोंड ट्यूबच्या, म्हणजे पिस्टन आणि स्प्रिंग जिच्यात असते त्या जाड नळकांड्याच्या, रेषेत नको. बसवतानाही हेच. पीन सहज जात नसेल तर ब्लॉक अजून आत जायचा आहे असं समजा. ठोकलेली पीन टोकाला फुलते आणि पुढच्या वेळी भोक खराब करूनच निघते.

आता सील. पॉलियुरेथेनचा कस चांगला आहे, ओठ, म्हणजे वाटीची पातळ कड, एकसारखा कापलेला आहे, मोल्डिंगची रेघ कडेवर आलेली नाही. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवलं की पिस्टनच्या टोकावर अंगठ्याने दाबून बसतं. वाटीसारखी खोलगट बाजू पुढे, म्हणजे हवा जिथून नळीत जाते त्या छिद्राकडे. उलटं बसवलं तर ओठ हवेच्या दाबाने फुगायच्या ऐवजी मिटतो आणि छरा नळीतच अडकतो. जुन्या रायफलमध्ये चामड्याचं वॉशर स्क्रूने आवळलेलं असेल तर हे किट तिला चालणारच नाही, कारण पिस्टनचं टोक वेगळं असतं. तिथे चामडंच घ्या, तेलात मुरवा आणि स्क्रूला थ्रेड-लॉकर (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावा. स्क्रूचं डोकं वर आलं तर ते दर शॉटला सिलिंडरच्या तळावर आदळतं.

सील बिघडतं ते बहुतेक वेळा आत घालताना. ट्यूबला कॉकिंग आर्मसाठी, म्हणजे नळी वाकवली की पिस्टन मागे ढकलणाऱ्या दांड्यासाठी, लांब खाच असते आणि तिच्या कडा कारखान्यातून धारदारच येतात. ओठावर एक बारीक चीर पडली की झालं, नवं सील पहिल्याच दिवशी गळतं. बारीक कानशीने कडा मोडा, कीस फडक्याने पुसून काढा. मग पाण्याच्या बाटलीची पातळ पट्टी खाचेच्या आतून धरून तिच्यावरून पिस्टन सरकवा. स्प्रिंग न घालता घट्टपणा तपासायचा: पिस्टन हाताच्या नेटाने सरकला पाहिजे, स्वतःच्या वजनाने घसरता कामा नये. नळी मोडून हवेच्या छिद्रावर बोट दाबा आणि पिस्टन पुढे ढकला. सोडल्यावर तो उसळून मागे आला तर सील धरतंय. फार घट्ट असेल तर पिस्टन लेथवर धरून ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच लावा आणि दर वेळी घालून बघा. एकदा जास्त घासलं गेलं की उपाय नाही.

स्प्रिंगचं गणित पाकिटावर नाही, म्हणून इथे देतो. या किटमधली तार ३.१ मिमी आणि वेढे ३३. पूर्ण दाबली की ३३ × ३.१ म्हणजे १०२ मिमी जागा लागणार. आता आपल्या रायफलीत किती जागा आहे ते मोजा: पिस्टन ताणलेल्या अवस्थेपर्यंत मागे घ्या आणि त्याच्या आतल्या तळापासून गाइडच्या बुडापर्यंतचं अंतर बघा. ते १०० मिमी निघालं तर ही स्प्रिंग बसल्यासारखी दिसेल, पण नळी ताणताना शेवटचा सेंटीमीटर सरकणार नाही. वेढ्याला वेढा टेकलेला असतो आणि माणूस वाटेल तेवढा जोर लावतो. त्यात कॉकिंग आर्म वाकतो, नाहीतर सीअर, म्हणजे ताणलेला पिस्टन धरून ठेवणारा ट्रिगरचा खटका, तुटतो. अशा वेळी दोन वेढे ग्राइंडरने कापा. ३१ वेढ्यांना ९६ मिमी लागतात, चार मिमी मोकळे राहतात, तेवढे पुरतात. कापलेलं टोक तापवून शेवटचा वेढा सपाट बसवा आणि काटकोनात घासा. फक्त शेवटचा वेढाच तापला पाहिजे, नाहीतर बाकीच्या तारेचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग काही दिवसांत ढिली पडते.

गाइड का नको? स्प्रिंगच्या आत ते खुळखुळतं. गाइड इतकं तंग हवं की स्प्रिंग पिळत-पिळत चढवावी लागली पाहिजे. सैल असलं की प्रत्येक शॉटला दस्त्यातून झणझण आवाज येतो, आणि लोक त्यावर स्प्रिंगला मूठभर ग्रीस फासतात. टर्नरकडून डेल्रिनच्या (कडक, गुळगुळीत प्लास्टिकच्या) रॉडचं करून घ्या: लांबी आणि मधलं भोक जुन्या गाइडप्रमाणे, बाहेरचा व्यास मोकळ्या स्प्रिंगच्या आतल्या व्यासाइतका.

ग्रीसच्या बाबतीत हात आखडताच ठेवा. पिस्टनच्या मागच्या भागाला मॉलिब्डेनम ग्रीसचा पातळ थर, सीलच्या फक्त कडेला बोटाची एक पुसट फिरवणी, सीलच्या पुढे काहीच नाही. शिलाई मशीनचं तेल हवेच्या छिद्रात टाकायची सवय आपल्याकडे फार जुनी. दाबाच्या उष्णतेने ते पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो, सील जळतं, स्प्रिंग मोडते. पहिले काही शॉट थोडा धूर आला तर चालेल, पंधरा-वीस शॉटनंतरही येत असेल तर उघडून पुसा.

ओ-रिंग खोबणीच्या वर ०.१ ते ०.२ मिमी आलेली हवी. खाली गेली तर तिच्याखाली कागदाची गोल चकती घाला. जास्त वर आली तर नळी लॉक होत नाही. सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून छरा मारा. पट्टी उडाली तर गळती आहे.

पहिल्यांदा ताणताना नळीवरचा हात शेवटपर्यंत सोडू नका, सीअर धरलाय याची खात्री छरा घालण्याआधी करा. मोडलेल्या नळीवर ट्रिगर कधीच नाही. छऱ्याशिवाय शॉटही मारायचा नाही, कारण समोर हवेची उशी नसली की पिस्टन तळावर आदळतो.

राहिला ‘१००० एफपीएस’चा दावा. क्रोनोग्राफवर (छऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर) नेहमीच्या ८.४४ ग्रेनच्या, म्हणजे ०.५४७ ग्रॅमच्या छऱ्याला २४० मीटर प्रति सेकंद मिळाले तर ऊर्जा होते १५.८ ज्यूल. त्याच छऱ्याला १००० एफपीएस, म्हणजे ३०५ मीटर मिळाले तर २५ ज्यूलच्या वर जाईल. असे आकडे हलक्या मिश्रधातूच्या छऱ्यांवर काढलेले असतात. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० ज्यूलच्या वरच्या एअर रायफलला परवाना लागतो; ८.४४ ग्रेनला ही रेषा साधारण २७० मीटर प्रति सेकंदावर येते. तेव्हा सील, स्प्रिंग बदलल्यावर दहा छऱ्यांचा वेग मोजा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात पाच-सहा मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी ओ-रिंग, मग सील बघा. आणि छऱ्यांचा पहिला डबा संपला की दस्त्याचे पुढचे दोन्ही स्क्रू पुन्हा आवळा, नव्या स्प्रिंगच्या धक्क्याने ते ढिले होतातच.