मोफत पाणी तपासणी आणि साडेअठरा हजारांचं चुंबक

वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, पण आमच्या सोसायटीच्या टाकीत अजून बोअरचं आणि टँकरचंच पाणी पडतं. काळ्या खडकातून झिरपताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन आलेलं पाणी. पेठेत खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच फरक कळतो. नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो, शॉवरची निम्मी भोकं बुजतात, तूरडाळ तीन शिट्ट्या जास्त मागते, टॉवेल वाळून पापडासारखा कडक होतो. आमच्या गिझरची कॉईल प्लंबरने बाहेर काढली तेव्हा तिच्यावर क्षाराचा एवढा जाड थर होता की आतला धातू दिसत नव्हता.

हे सगळं सांगायचं कारण असं, की आम्हाला फसवणाऱ्या मुलाने पाण्याबद्दल सांगितलेला जवळजवळ प्रत्येक त्रास खरा होता. खोटं होतं ते पुढचं.

रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये टेबल लागलं होतं, वर फलक: ‘मोफत पाणी तपासणी’. नाव-नंबर लिहून घेतले आणि संध्याकाळी इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा घरी आला. सासूबाईंना काकू, मला ताई. आधी बाथरूम बघितलं, नळावरचा थर नखाने खरवडून दाखवला. मग स्वयंपाकघरातून दोन ग्लास मागून घेतले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आमच्याच आरओचं. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारा टीडीएस मीटर बुडवला. नळाचा आकडा आठशेच्या घरात, आरओचा पन्नासच्या आत. मग पिशवीतून चार धातूच्या कांड्या असलेलं यंत्र काढून दोन्ही ग्लासांवर ठेवलं आणि प्लगमध्ये घातलं. बघता बघता नळाचं पाणी हिरवट, मग गढूळ तपकिरी झालं, वर घाण तरंगायला लागली. आरओचं पाणी तसंच नितळ.

“काकू, हे रोज अंगावर घेता तुम्ही. भांड्यांना, भाजीला हेच. मुतखडा उगाच होतो का?”

सासूबाईंचं मुतखड्याचं ऑपरेशन झालेलं आहे, हे त्याला सकाळच्या गप्पांतच कळलं होतं. पुढे फार बोलायची गरज पडली नाही. गच्चीवरून आपल्या फ्लॅटला येणाऱ्या पाइपवर बसवायचं, क्षार धरू न देणारं यंत्र, वीज नको, मीठ नको, देखभाल नको, दहा वर्षं चिंता नको. साडेअठरा हजार. आज बुकिंग केलं तर. पैसे यूपीआयने गेले, तेही कंपनीच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या खात्यावर. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन पाइपभोवती दोन चुंबकांचा डबा आवळून गेला. दहा मिनिटांचं काम.

शॉवर पुन्हा बुजला. बादलीच्या कडेला पांढरं धरलं. फोन केला तर उत्तर आलं, “ताई, जुना क्षार सुटतोय, थोडे दिवस जास्त दिसणारच.” नंतर मी बाजारातून टीडीएस मीटर आणून आकडा बघितला, तो जिथल्या तिथे. त्यावर म्हणे, “आमच्या यंत्राने टीडीएस बदलत नाही, क्षाराची रचना बदलते. मीटरला ते कळत नाही.” विकताना ज्या मीटरने भीती घातली, तोच मीटर तक्रारीच्या वेळी निरुपयोगी झाला!

माझी मावसबहीण ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने सगळं ऐकून आरओचं पाणी ग्लासात घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं, दोन लोखंडी खिळे बुडवले आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडले. थोड्या वेळात तीच हिरवट-तपकिरी घाण. पाणी आरओचं, मीठ आपण रोज खातो ते. मग घाण आली कुठून? खिळ्यातून. विजेमुळे लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो. त्या मुलाच्या कांड्यांमध्येही लोखंड असतं, म्हणून पाणी तपकिरी होतं. अॅल्युमिनियमच्या कांडीमुळे पांढरट पुंजके येतात. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज नीट वाहत नाही आणि कांडी झिजत नाही, एवढंच. (घरच्या प्लगवर हा उद्योग कुणी करू नका. बॅटरी पुरते.)

टीडीएसचंही तसंच. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यातला कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती, हे त्याला सांगता येत नाही. मिठावर चालणारा खरा सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. त्यानेही टीडीएस फारसा हलत नाही, पण साबणाला फेस येतो. म्हणजे ज्या आकड्यावर ही विक्री चालते, त्याचा पाण्याच्या कठीणपणाशी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणाशी, थेट संबंध नाही.

शेवटी आम्ही डब्याच्या आधीचं आणि नंतरचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत दिलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यांत प्रयोगशाळा आहेत, थोडं शुल्क घेऊन पाणी तपासून देतात. कठीणपणा दोन्ही बाटल्यांत पाचशेच्या वर. भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी वाईट आहेच, पण विष नाही. मुतखड्याबद्दल सासूबाईंच्या डॉक्टरांचं म्हणणं एकच, पाणी भरपूर प्या.

अहवाल दाखवल्यावर कंपनीने पैसे परत करायचं सोडून पुढचं मॉडेल सुचवलं, वर अकरा हजार भरून. तोंडी दिलेली महिन्याची ट्रायल पावतीवर नाही. उलट बारीक अक्षरात ‘बसवल्यावर परत घेतले जाणार नाही’. पाण्याचा कठीणपणा कमी होईल असं एक अक्षरही नाही आणि जीएसटी क्रमांकाची जागा कोरी. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि अहवाल जोडून. निकाल लागायचा आहे.

तोवर शॉवरची जाळी लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात भिजत घालते, क्षार निघतो. गिझरचं तापमान खाली आणलंय, कारण पाणी जेवढं कडक तापवाल तेवढा थर लवकर बसतो. सोसायटीने टाकीवर मिठाचा सॉफ्टनर बसवायचा विषय घेतला आहे. तो धुताना निघणारं मिठाचं पाणी सोडायचं कुठे, यावर सध्या भांडण चालू आहे.

येत्या रविवारी शेजारच्या सोसायटीत तेच टेबल लागणार आहे, फलकावर नाव दुसरं. तिथे राहत असाल तर खिशात चिमूटभर मीठ घेऊन जा आणि त्याच्या त्या नितळ ग्लासात टाकून यंत्र चालू करायला सांगा.