रात्र निळीच हवी: 'नोस्फेरातू'ची युरेका ब्लू-रे

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला काउंट दिवसाउजेडी लंडनमध्ये फिरतो. उन्हात त्याची शक्ती तेवढी घटते. शेवटी मरतो तो सुऱ्यांनी. सूर्यकिरणांनी पिशाच मरतं, ही कल्पना पडद्यावर आली 1922 साली, जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या 'नोस्फेरातू' या मूकपटातून. म्हणून याची कुठलीही प्रत घेताना आधी एवढंच पाहावं, की रात्र रात्रीसारखी दिसते का?

तेव्हा रात्रीची दृश्यं दिवसाच चित्रित होत आणि नंतर फिल्म रंगवली जाई: रात्र निळी, दिव्याचा उजेड पिवळा, पहाट गुलाबी. नेटवरच्या फुकट काळ्या-पांढऱ्या प्रतींमध्ये हे रंग नसतात. मग काउंट ऑरलॉक, म्हणजे या चित्रपटातला ड्रॅक्युला, लख्ख उन्हात शवपेटी घेऊन गावभर हिंडतो आणि शेवटी ऊन लागून मरतो. हसू येणारच.

युरेका या ब्रिटिश कंपनीच्या 'मास्टर्स ऑफ सिनेमा' मालिकेतल्या डिस्कवर मुर्नाऊ प्रतिष्ठानने 2005-06 मध्ये सिद्ध केलेली प्रत आहे. तिला पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयातल्या जुन्या रंगीत प्रतीचा आधार आहे. वेग सेकंदाला 18 फ्रेम, लांबी 94 मिनिटं. 24 च्या वेगाने हाच चित्रपट सत्तरेक मिनिटांत उरकतो. मुळात मुद्दाम भरधाव पळवलीय ती ऑरलॉकची घोडागाडी. सगळेच धावू लागले की तिची भीती उरत नाही.

ओरखडे आणि थोडा धूसरपणा आहे, पण तो डिस्कचा दोष नव्हे. स्टोकर हक्कांच्या बाबतीत पक्का होता: कादंबरी 26 मे 1897 ला आली, त्याच्या आठ दिवस आधीच त्याने आपल्या लायसियम थिएटरात तिचं नाट्यवाचन उरकून रंगभूमीचे हक्क राखले. प्राना कंपनीने मात्र परवानगी न घेताच चित्रपट काढला. स्टोकरची विधवा फ्लोरेन्स कोर्टात गेली आणि 1925 मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. ज्या वाचल्या, त्यांच्यातूनच हे सांधकाम झालं आहे.

संगीत हान्स एर्डमानच्या मूळ रचनेवरून बांधलेलं. पाट्या जर्मन, खाली इंग्रजी सबटायटल्स. जेम्स बर्नार्डचं संगीत हवं असेल तर बीएफआयची (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची) डिस्क पाहावी. हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या 1958 च्या 'ड्रॅक्युला'चं संगीतही त्याचंच.

खरी अडचण प्लेअरची. ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक विभागातल्या (रीजनमधल्या) प्लेअरपुरत्या कुलूपबंद असू शकतात; ही डिस्क रीजन बीची आणि भारत येतो रीजन सीमध्ये, त्यामुळे इथल्या साध्या प्लेअरवर ती चालत नाही. मल्टी-रीजन प्लेअर असल्याशिवाय मागवू नये. डीव्हीडीचा रीजन उघडणारा रिमोट-कोड ब्लू-रेचा रीजन उघडतोच असं नाही, हे प्लेअर घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारावं.

टीव्हीवर मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दाखवणारी सोय) बंद करा आणि चित्राचं प्रमाण 'ओरिजिनल' ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील, ते असू द्या. 'वाइड' केलंत तर मॅक्स श्रेक या नटाचा काडीसारखा ऑरलॉक चांगला गुटगुटीत होतो.