द्राक्षबागेसाठी एआय सल्ला सेवा : एका हंगामाचा अनुभव आणि हिशेब

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आमची थॉमसन सीडलेस या द्राक्ष वाणाची बाग आहे. २०२५ च्या हंगामासाठी आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी एक सल्ला सेवा वर्षभराच्या वर्गणीवर घेतली, आणि माल निघून हिशेब पूर्ण झाल्यावर तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही. अशा सेवांचे प्रतिनिधी आता निफाड आणि चांदवडकडेही फिरू लागले आहेत, आणि वर्गणी भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न कोणत्याही कंपनीच्या बाबतीत तेच राहतील.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे आहे. बागेत एक लहान हवामान केंद्र बसवले जाते. ते तापमान, आर्द्रता, पाऊस, पानांवरचा ओलावा आणि जमिनीतील ओल मोजते. छाटणीची तारीख, वाण, कलमाचा खुंट आणि माती-पाण्याचे अहवाल ॲपमध्ये भरले की रोज सकाळी त्या प्लॉटपुरता सल्ला मोबाइलवर येतो. पानाचा किंवा घडाचा फोटो पाठवला तर रोगाचे निदान मिळते आणि मराठीत प्रश्न विचारला तर मराठीत उत्तर येते, तेही रात्री कितीही वाजता. आमच्या सल्लागारांच्या हंगामी फीच्या निम्म्याहून कमी रकमेत हे सर्व मिळते. ही सेवा घेतल्यावर बागेवर येणाऱ्या सल्लागाराची गरज राहत नाही, असे विक्री प्रतिनिधीने आम्हाला स्पष्ट सांगितले होते, आणि या परीक्षणात मुख्यतः त्याच दाव्याची तपासणी केली आहे.

जे चांगले आहे ते आधी सांगितले पाहिजे. डाउनी हा बुरशीचा रोग आपल्या बागांसाठी सर्वांत महागडा आहे. त्याची लागण होण्यासाठी पानावर पाणी ठरावीक काळ टिकावे लागते, आणि तो काळ तापमानानुसार कमी-अधिक होतो. आपण आजवर सकाळचे दव आणि धुके पाहून अंदाजाने फवारणीचा ब्लोअर बाहेर काढत आलो. हवामान केंद्र मात्र रात्रभर पान किती तास ओले राहिले याची नोंद ठेवते, आणि त्यावरून येणारा इशारा आमच्या बागेत बहुतेक वेळा बरोबर ठरला. पोंगा अवस्थेपासून, म्हणजे डोळे फुटून कोवळी पाने उलगडू लागल्यापासून, फुलोऱ्यापर्यंतच्या नाजूक काळात, गावात सगळे फवारतात म्हणून आपणही फवारायचे, ही धास्ती या इशाऱ्यामुळे कमी झाली. काही फवारण्या निश्चित टळल्या, त्यामुळे औषध, डिझेल आणि मजुरी वाचली, आणि निर्यातीच्या मालासाठी अवशेषांचा धोकाही तेवढ्याने कमी झाला. भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगाबाबत इशारे इतके नेमके नव्हते, तरी उपयोगी होते. पाण्याचे वेळापत्रक मला विशेष आवडले.

फोटोवरून होणाऱ्या निदानाविषयी मात्र मला इतके चांगले लिहिता येत नाही. घड येण्यासाठी घेतलेल्या फळछाटणीनंतर पाने आकाराला येत असताना काही वेलींवर पिवळट, तेलकट वाटणारे डाग दिसले. ॲपने फोटो पाहून डाउनी असल्याचे ठामपणे सांगितले आणि त्याच दिवशी पानात भिनणाऱ्या महागड्या (आंतरप्रवाही) बुरशीनाशकाची फवारणी सुचवली. आमचे सल्लागार त्या संध्याकाळी शेजारच्या बागेत आले होते, म्हणून त्यांना बोलावले. त्यांनी डाग असलेली पाने तोडली, उन्हाकडे धरून वरून आणि खालून पाहिली, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत पाण्याचे थोडे थेंब शिंपडून त्यात ती घातली आणि पिशवीचे तोंड बांधून घरात ठेवायला सांगितली. डाउनी जिवंत असेल तर रात्रीतून पानाच्या खालच्या बाजूला डागाच्या जागी पांढरी बुरशी उगवते. सकाळी पाने उलटून पाहिली तर ती स्वच्छ होती. मग त्यांनी आदल्या आठवड्यात टाकीत कोणकोणती औषधे एकत्र केली होती ते विचारले आणि डाग फवारणीच्या चट्ट्याचे, म्हणजे औषधाने पान भाजल्याचे असल्याचे सांगितले. फवारणी झाली नाही आणि डाग पुढे वाढलेही नाहीत.

या प्रसंगात सल्लागारांनी वापरलेली युक्ती कोणत्याही द्राक्ष चर्चासत्रात ऐकायला मिळते, त्यात गुपित काही नाही. फरक एवढाच होता की त्यांना शंका आली, आणि शंका आल्यावर काय करून पाहायचे हे त्यांना ठाऊक होते. ॲप मात्र हवामानाचा नेमका इशारा आणि फोटोवरचा कच्चा अंदाज एकाच ठाम स्वरात सांगते. आपला अंदाज किती खात्रीचा आहे, हे त्याने शेतकऱ्याला कुठेही सांगितले नाही. पूर्वी फीमध्ये येणारे पडताळणीचे काम आता वर्गणीदाराने स्वतः, विनामोबदला करायचे आहे, आणि ज्याला ते येत नाही त्याने अनावश्यक फवारणीचा खर्च सोसायचा आहे. सेवेची स्वस्ताई मोजताना हा खर्च धरलाच पाहिजे.

२०२५ चे वर्ष परीक्षेचेच होते. मे महिन्यातच पावसाने सुरुवात केली. नवी काडी तयार करण्यासाठी घेतलेल्या एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ज्या काळात काडीतील डोळ्यांत, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांत, सूक्ष्म घड तयार होतात, त्या काळाला ऊन हवे असते, आणि नेमका तोच काळ ढगाळ आणि ओला गेला. आमच्या सल्लागारांनी फळछाटणीपूर्वी प्रत्येक प्लॉटच्या काड्या प्रयोगशाळेत पाठवून डोळे तपासून घेण्याचा आग्रह धरला, आणि अहवाल पाहून काडीवर नेहमीपेक्षा जास्त डोळे राखून छाटणी घ्यायला लावली, कारण खालच्या डोळ्यांत घड नव्हते. ॲपचा सल्ला तेव्हा मागील हंगामांसारखाच, नेहमीच्या डोळ्यांवर छाटणी घेण्याचा होता. पावसाची नोंद त्याच्याच केंद्राने करून ठेवली होती, तरी त्या नोंदीचा अर्थ काडीच्या आत काय झाला असेल इथपर्यंत त्याने नेला नाही. नेहमीच्या वर्षात ही उणीव कदाचित लक्षातही आली नसती, पण आता नेहमीसारखी वर्षे किती येतात? २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने याच जिल्ह्यात फुलोऱ्यातील बागा कशा हातच्या गेल्या, हे कोणीही विसरलेले नाही.

जबाबदारीचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्या वाढरोधकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले, माल अडकला आणि निर्यातदारांसह शेतकऱ्यांचेही मोठे नुकसान झाले. त्या धड्यानंतर निर्यातीच्या प्लॉटवर कोणते औषध, कोणत्या अवस्थेपर्यंत आणि काढणीच्या किती दिवस आधी हे पाहूनच सल्ला देण्याची शिस्त येथील जाणत्या सल्लागारांनी अंगी बाणवली. युरोपात ज्या रसायनाला स्वतंत्र मर्यादा ठरवून दिलेली नाही, त्याला सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक मर्यादा लागू होते, आणि एका चुकीच्या फवारणीने कंटेनर नाकारला जाऊ शकतो. आमच्या सेवेच्या अटींमध्ये मात्र बारीक अक्षरांत असे लिहिले आहे की सर्व सल्ला केवळ माहितीसाठी आहे आणि त्यावरून झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही. सल्लागारांशीही आमचा लेखी करार नव्हता, हे खरे आहे. परंतु त्यांना पुढच्या वर्षी त्याच गावात, त्याच माणसांसमोर उभे राहायचे असते, आणि चुकीचा सल्ला दिल्यास काय होईल हे त्यांना माहीत असते.

जबाबदारी झटकण्याचा हा मार्ग सगळीकडे मान्य झालेला नाही, हेही येथे नोंदवावेसे वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने एअर कॅनडा कंपनीला तिच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने प्रवाशाला दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल भरपाई द्यायला लावली. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाचा कंपनीचा बचाव तेथे टिकला नाही. विमानाच्या तिकिटाच्या सवलतीबाबत जर हे मान्य होत असेल, तर कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न ज्या फवारणीवर अवलंबून आहे तिच्याबाबत आपण कमी का मागावे?

आता सल्लागारांविषयी. त्यांच्यात सगळेच धुतल्या तांदळासारखे नाहीत, आणि औषधविक्रेत्यांशी संधान बांधून अमुकच कंपनीचे औषध लिहून देणारे लोक आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. शिवाय ज्याची बाग एक-दीड एकराची आहे, त्याच्या बांधावर नावाजलेला सल्लागार सहसा फिरकत नाही. अशा शेतकऱ्यासाठी ही सेवा काहीच नसण्यापेक्षा नक्कीच चांगली आहे आणि ती त्याने घ्यावी, असेच मी सांगेन. राज्य सरकारनेही जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरणाला मान्यता देऊन पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली आहे. त्या पैशातून लहान शेतकऱ्यापर्यंत हवामानाचा नेमका इशारा पोहोचला तर त्याचे स्वागतच होईल.

परंतु ज्यांच्या जाणतेपणावर हा जिल्हा द्राक्षांचा जिल्हा झाला, ते सल्लागार तयार कसे होतात हे पाहिले पाहिजे. कृषी पदवी घेतलेला मुलगा एखाद्या अनुभवी माणसाबरोबर काही हंगाम फिरतो, वही धरतो, घडांची मोजणी करतो, फवारणीच्या नोंदी तपासतो, फोनवरच्या साध्या शंकांना उत्तरे देतो आणि हळूहळू पान पाहायला शिकतो. ॲपने सर्वांत आधी घेतले ते हेच काम. आमच्या सल्लागारांचे अनेक वर्गणीदार कमी झाले, तेव्हा त्यांना सोबतच्या तरुण सहायकाला थांबवावे लागले. पेठ तालुक्यातील तो मुलगा त्याच्या घरातला पहिला पदवीधर आहे. आता तो अशाच एका कंपनीसाठी पानांच्या फोटोंवर रोगांची नावे टाकण्याचे काम नगावर करतो. शिवारात मिळालेले त्याचे ज्ञान यंत्रात उतरत आहे, पण त्या ज्ञानात भर पडण्यासाठी ज्या बागेत जायला हवे, तेथे जाण्याचा मार्ग त्याच्यासाठी बंद झाला आहे. त्याच्याशी बोलताना मला फार वाईट वाटले.

हे केवळ आमच्या तालुक्यापुरते नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील वेतन नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या व्यवसायांत एआयचा शिरकाव सर्वाधिक आहे, त्यांतील २२ ते २५ वयोगटाच्या रोजगारात १३ टक्क्यांची सापेक्ष घट त्यांना आढळली, तर त्याच व्यवसायांतील अनुभवी लोकांचा रोजगार टिकून राहिला किंवा वाढला. म्हणजे आजच्या जाणकारांना तूर्त धक्का नाही, पण उद्याचे जाणकार जेथून यायचे ती भरतीच आटत आहे. आमच्या सल्लागारांचे वय आता साठीच्या घरात आहे. त्यांच्यानंतर पिशवीत पान ठेवून पाहा, असे सांगायला कोण येणार आहे?

आणखी एक तोटा पैशांत मांडता येत नाही, तरी तो खरा आहे. सल्लागार गावात आले की आसपासचे बागायतदार एका बागेत जमत, आणि एकाच्या प्लॉटमधली चूक इतरांना फुकट शिकवून जात असे. ज्याने फी भरलेली नसे तोही कडेला उभा राहून ऐके, आणि त्याला कोणी हटकत नसे. त्या शिवारफेरीतच मजुरांचा मुकादम विरळणी, म्हणजे घडातील जादा मणी काढणे, कशी हवी हे समजून घेई आणि पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळीला दाखवी. आता ज्याचा सल्ला त्याच्या मोबाइलमध्ये असतो. आमच्या बागेच्या नोंदीही कंपनीकडे जातात, पण त्यांतून निघणारे शहाणपण गावाला परत मिळत नाही, कारण शेजाऱ्याने वर्गणी भरली नसेल तर त्याच्यासाठी ते बंद आहे. अटींमध्ये आमच्या नोंदींवर आमचा हक्क काय, याचा उल्लेखही नाही.

माझे मत असे आहे की हवामान केंद्र आणि रोगाचा पूर्वइशारा एवढ्यापुरती ही सेवा उत्तम आहे, पाणी व्यवस्थापनासाठी चांगली आहे, फोटोवरच्या निदानासाठी विसंबण्याजोगी नाही, आणि छाटणी, विरळणी, संजीवकांच्या (वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांच्या) मात्रा किंवा निर्यातीच्या प्लॉटवरील औषधांची निवड हे निर्णय तिच्यावर सोडणे धोक्याचे आहे. सल्लागार बंद करून ही सेवा घेऊ नये. सल्लागारांनी मात्र तिचे इशारे जरूर वापरावेत. आमच्या सल्लागारांनी ते वापरायला सुरुवात केली आहे आणि त्यांच्या फेऱ्या आता ज्या बागांना खरी गरज आहे तेथे आधी वळतात.

वर्गणीच्या नूतनीकरणासाठी कंपनीचा फोन आला तेव्हा आमच्या गटाने चार गोष्टी लेखी मागितल्या: निदानासोबत खात्रीची पातळी दाखवावी, निर्यात प्लॉटवर सुचवलेल्या औषधाच्या काढणीपूर्व कालावधीची जबाबदारी स्वीकारावी, आमच्या नोंदी मागू तेव्हा आम्हाला द्याव्यात, आणि प्रत्येक गावगटासाठी बागेत प्रत्यक्ष येणारा एक कृषी पदवीधर पगारावर नेमावा. त्यासाठी वर्गणी वाढवावी लागली तरी आम्ही ती द्यायला तयार आहोत, हेही पत्रात लिहिले आहे. पहिल्या आणि तिसऱ्या मागणीला त्यांनी तोंडी होकार दिला आहे. उरलेल्या दोन मागण्यांवर लेखी उत्तर येईपर्यंत आम्ही फक्त हवामान केंद्राचे पैसे भरले असून सल्लागारांची फी पूर्वीप्रमाणेच चालू ठेवली आहे.