मुंबई, नागपूर का वर्धा? अपडाऊन का खोली? तोंडाच्या कॅन्सरचा इलाज सुरू व्हायच्या आधी

बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते मुंबईच्या टाटालाच न्या, दुसरी म्हणते नागपुरात सगळं होते, कायले एवढ्या दूर जाता. आणि ज्याला झालंय तो बाजेवर बसून दोघांचं ऐकत राहतो, त्याला कोणी विचारत नाही.

आम्ही आर्वीकडचे. आमच्या मामाजींना गालाचा निघाला, खर्ऱ्यानंच (तंबाखू-सुपारीचा), दुसरं काय. ऑपरेशन, मग शेक (म्हणजे रेडिएशन) आणि सोबत किमो असं सगळं झालं आणि आता नात्यात, गावात कोणाकडे असा रिपोर्ट आला की फोन माझ्याकडे येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. तोंडाच्या कॅन्सरचंच लिहितेय कारण आपल्याकडे तोच जास्त दिसतो, बाकीच्यांचं गणित थोडं वेगळं असते.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ऑपरेशन एकदा होते, आठ-दहा दिवस कुठंही काढता येतात. शेक मात्र सोमवार ते शुक्रवार रोज, सहा-साडेसहा आठवडे, म्हणजे तीस-तेहतीस वेळा त्याच मशीनखाली झोपायचं, आणि मध्ये गॅप पडला की शेकाचा फायदा कमी होतो. म्हणून दवाखाना निवडताना "सगळ्यात मोठा कोणता" यापेक्षा "आपला माणूस रोज, न चुकता, शेवटच्या आठवड्यातल्या हालतीतही कुठं पोचू शकेल" हे पाहा. माझं मत याच्यावरच उभं आहे, पुढं पटलं नाही तर सोडून द्या.

मुंबईचं आधी. परळचं टाटा 1941 पासून आहे, तिथल्या डॉक्टरांनी तोंडाच्या जेवढ्या केसेस पाहिल्या तेवढ्या क्वचितच कोणी पाहिल्या असतील. गाठ जबड्याच्या हाडात गेलेली, इलाज होऊन परत उलटलेली, किंवा दोन डॉक्टर दोन वेगळं सांगतायत अशी केस असेल तर मुंबईला जाच. जाणं वाटते तेवढं महाग पडत नाही, विदर्भ एक्सप्रेस वर्ध्याला, पुलगावला, धामणगावला थांबते आणि रेल्वेत कॅन्सर पेशंटला इलाजाच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट. दवाखान्याकडून रेल्वेचा फॉर्म भरून, सही-शिक्का घेऊन तिकीट खिडकीवर काढायचं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, त्यांच्या नावाच्या जागेत आपल्याकडचे किती पेशंट राहून गेले असतील देव जाणे. पण जागा मोजक्या आणि रांग मोठी, उतरल्या उतरल्या खोली मिळेल असं धरून जाऊ नका. गर्दीही तशीच, एकेका तारखेसाठी थांबावं लागते. दोन महिने तिथं काढायचे तर सोबतचा माणूसही दोन महिने कामावरून गेला, आणि डबा घेऊन येणारं, रात्री बदलीवर झोपणारं कोणी नसते. या शेवटच्या गोष्टीचा हिशेब निघताना कोणीच करत नाही.

नागपुरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानला एम्स, आणि प्रायव्हेट तर विचारूच नका. इथं निवड करताना पाटी नका पाहू, मशीन विचारा. शेक कोबाल्टवर (जुन्या पद्धतीचं मशीन) देणार का लिनॅकवर (नव्या पद्धतीचं), आणि आयएमआरटी (नेमक्या जागेवर शेक द्यायची पद्धत) होईल का. आयएमआरटीत लाळेच्या ग्रंथींना शेक कमी लागू देता येतो म्हणून पुढं तोंड कमी कोरडं पडतं. ज्याला आयुष्यभर भाकर खायची आहे त्याला हा फरक रोज दिसतो. विचारायला लाजू नका, डॉक्टर चिडत नाहीत, आणि चिडले तर तेही आधीच कळलेलं बरं.

वर्ध्याला सेवाग्राम आणि सावंगी. आमच्यासारख्या आर्वी, देवळी, पुलगावकडच्या लोकांना जवळ, आणि दोन्ही मेडिकल कॉलेज असल्यानं दातवाले, नाक-कान-घसावाले, मेडिसिनवाले एकाच आवारात भेटतात. सावंगीला तर डेंटल कॉलेजच आहे. तोंडाच्या पेशंटला दातवाल्याचं किती काम पडते ते खाली येईलच. नागपुरात कधी कधी एका तपासणीसाठी या टोकावरून त्या टोकाला ऑटो करत फिरावं लागते, तो ताप इथं कमी. केस गुंतागुंतीची असेल तर मात्र इथलेच डॉक्टर नागपूर-मुंबईचं नाव सांगतात, आणि सांगितलं तर ऐकायचं.

मधला रस्ता पण आहे आणि माझं वजन त्याच्याच पारड्यात. मुंबईला एकदा जाऊन किंवा रिपोर्ट पाठवून मत घ्यायचं, प्लॅन लिहून आणायचा आणि शेक-किमो इकडं घ्यायची. 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रीड म्हणून देशातल्या कॅन्सर दवाखान्यांचं जाळं आहे, त्यातल्या दवाखान्यांसाठी इलाजाच्या सारख्या गाइडलाइन ठरवलेल्या आहेत, म्हणून आपला दवाखाना त्यात आहे का ते विचारून घ्या. मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणाचा छोटा चौकोनी तुकडा असतो, त्यात गाठीचा नमुना) दवाखान्याकडून मागून घ्या, सीटी-एमआरआयची सीडी घ्या. एका ठिकाणी आम्हाला ब्लॉक द्यायला टाळाटाळ केली, उद्या या, परवा या, बाई सुट्टीवर आहे. शेवटी लेखी अर्ज दिला तेव्हा मिळाला. तर अर्ज पहिल्याच दिवशी द्या.

आता अपडाऊन का खोली. मशीनखाली जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि त्याच्यासाठी रोज एसटीचे दोन-दोन तास दोन्हीकडून, हे ऐकून कोणीही म्हणेल खोलीच करा. पण खोलीचं भाडं, गॅस, सोबतचा माणूस, हे पाहून बरेच जण अपडाऊनच धरतात, आणि पहिले दोन आठवडे ते मस्त जमतेही. एसटीत बायांना अर्धं तिकीट, 75 वर्षांच्या वर फुकट, सकाळी गेलं दुपारी घरी, संध्याकाळी आपल्या अंगणात आपली बाज. पेशंटचं मन रमते, ही लहान गोष्ट नाही. मग तिसऱ्या आठवड्यापासून तोंड यायला लागते. गालाच्या आत पांढरे चट्टे, थुंकी गिळताना डोळ्यात पाणी, आवाज बसतो, आणि शेवटचे दोन आठवडे तर वजन उतरते, चक्कर येते. खड्ड्याच्या रस्त्यानं उभ्यानं एसटीत जायचं ते नेमकं याच दिवसांत. लोक शेक अर्धा सोडतात तो इथंच सोडतात.

म्हणून पैसा मोजकाच असेल तर पहिले तीन आठवडे अपडाऊन आणि शेवटचे तीन-चार आठवडे खोली. पूर्ण सहा आठवड्यांच्या खोलीचा पैसा नसला तरी एवढं जमते. खोलीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे स्वतःची चूल आणि मिक्सर. वॉर्डातलं तिखट वरण अशा तोंडाला लागत नाही. आमच्याकडे ज्वारीच्या कण्या एकदम मऊ शिजवून, दुधात फिरवून, त्यात तूप, असं दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं जायचं. घट्ट वरण बिना मिरचीचं, अंडं उकडून दुधात फेटून, शेंगदाण्याचं कूट बारीक करून. भेटायला येणारे प्रेमानं संत्र्याची थैली आणतात (नागपूर आहे बाप्पा), ती सोबतच्यांनीच खायची, अशा तोंडाला संत्रं आगीसारखं झोंबतं. भरती करून घेतलं तर मीठ-सोड्याच्या गुळण्या, सलाईन, दुखण्याचं औषध वेळेवर मिळते, ज्याचं वजन आधीच कमी आहे त्याला तेच बरं. नाकातून नळी टाकायची का आणि कधी, यावर डॉक्टर-डॉक्टरात फरक असतो, काही आधीच टाकतात, काही गरज पडली की. पेशंटला मात्र पहिल्या दिवशीच सांगून ठेवा की नळी लागू शकते आणि ती कायमची नसते, नाहीतर नळी म्हणजे आता संपलं असं तो धरून बसतो.

शेक सुरू व्हायच्या आधीची दोन कामं. एक, दात. खराब दात शेकाच्या आधी काढून घ्यायचे आणि जखम भरायला दहा-पंधरा दिवस लागतात. नंतर काढला तर जबड्याचं हाड सडायची भीती असते, म्हणून रिपोर्ट आल्या आल्याच दातवाल्याकडे जा. दुसरं मास्कचं. प्लास्टिकची जाळीदार पत्री गरम पाण्यात टाकतात, मऊ झाली की चेहऱ्यावर ओढून बसवतात, ओली आणि कोमट लागते, काही मिनिटांत कडक होते. रोज तोच मास्क टेबलाला खिळवून त्याच्या आत झोपायचं. श्वास जाळीतून नीट येतो, पण घाबरणारा घाबरतोच. घरी पातळ, कोरडं फडकं चेहऱ्यावर टाकून पाच मिनिटं पडून पाहा, आणि हात वर केला की टेक्निशियन थांबतो हे त्याच्यासमोर विचारून घ्या. मास्क घट्ट बसावा म्हणून दाढी-मिशी आधीच काढायला सांगतात. आमच्या मामाजींना ऑपरेशनचं भ्या नव्हतं तेवढं मिशीचं वाटलं. आपल्याकडे मिशी काढतात ती बाप गेल्यावर. "माहा बाप तं कवाच गेला, आता कोनाची काढू," म्हणाले, आणि आरशात न पाहता खुर्चीवर बसून राहिले. न्हाव्याला घरी बोलावलं, चार लोकांसमोर दुकानात नाही नेलं, आणि माझ्या नवऱ्यानंही त्याच दिवशी काढली. असं काही तुमच्याकडं निघेल ते आधी ओळखून ठेवा.

सांगायचं का लपवायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. लपवायचं म्हणणाऱ्यांचं खोटं नाही, काही माणसं नाव ऐकूनच जेवण सोडतात. पण दवाखान्याच्या गेटवरच कॅन्सर लिहिलेलं असते, बाजूच्या खाटेवरचा पहिला प्रश्नच "तुमचा कुठला" असतो, आणि रोज मास्कमध्ये झोपणाऱ्याला "साधी गाठ आहे" किती दिवस पटेल. परक्याकडून कळलं की तो घरच्यांवरचा भरोसा काढून घेतो, मग गोळी पण संशयानं घेतो. माझं म्हणणं, सांगा, पण डॉक्टरांसमोर, इलाजाचा प्लॅन हातात असताना, म्हणजे नाव आणि रस्ता एकत्रच कळतो. गावाला सांगायचं ते वेगळं. सगळ्या गावाला कळलं की मदत येते, पाहायला येणाऱ्यांची रांगही येते, आणि त्यात एक जण तरी सांगतोच की अमक्याचा काका असाच गेला, बायोप्सीची सुई लावली की पसरते. बायोप्सीनं कॅन्सर पसरतो हे खरं नाही. जडीबुटीवाले, पाणी देणारे बाबा पण याच वेळी दारात येतात. म्हणून एक माणूस ठरवा, दार आणि फोन त्यानं सांभाळायचा.

वावराचं पण बोला, ते मनाच्या तयारीतच येते. कापूस फुटलेला असतो आणि माणूस म्हणतो वेचणी झाली की जाऊ. ऑपरेशन झालं असेल तर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला पाहिजे, वेचणी वाट पाहू शकते, हे नाही पाहू शकत. बटईनं द्या, जागलीला भाच्याला लावा, बैल शेजाऱ्याकडे ठेवा, पण तोंडी नको, त्याच्यासमोर ठरवून टाका. नाहीतर तो मशीनखाली पडून रानडुकराचा विचार करतो.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले योजनेत आता पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही रेशनकार्ड चालते, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याच्याकडे जा, डॉक्टरकडे नंतर गेलं तरी चालते. रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल (रामराव-रामभाऊ हे तर घरोघरी) तर ते गावातच दुरुस्त करून निघा, मंजुरी इथंच अडकते. खोली, खाणं, गाडीभाडं योजनेत नाही, मंजुरीच्या आधीच्या तपासण्या बरेचदा खिशातून जातात, तेवढी रोकड वेगळी ठेवा. सावकाराकडे जायच्या आधी मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज टाकून पाहा.

आणि थर्मामीटर घ्या, खोली असो का अपडाऊन. किमो सुरू असताना 100.4 च्या वर ताप गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, घरची क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, त्याच रात्री निघायचं, कारण पांढऱ्या पेशी कमी असल्या की साधा ताप पण अंगावर येतो. अपडाऊनवाल्यांनी रात्री गाडी देणारा गावात कोण आहे ते आजच विचारून ठेवा. 108 येते पण ती जवळच्या सरकारी दवाखान्यात नेईल, तिथल्या डॉक्टरला किमो चालू आहे हे कळलं पाहिजे, म्हणून किमोच्या शेवटच्या कागदाची झेरॉक्स पेशंटच्या उशीखाली आणि एक सोबतच्याच्या खिशात. मोबाइलमधला फोटो नको, रात्री चार्जिंग नसते आणि लाइट तर आपल्याकडं केव्हाही जाते.